म्हातारबाबांच्या मुलखातली सून

माझी थोरली जाऊ सू रान आमच्या घरात आली ती सासूबाईंच्या गैरसमजामुळे. नाहीतर एवढ्या लांबची, एवढ्या मोठ्या आवाजाची आणि ढांगा टाकत चालणारी सून आमच्या खिंडीत कुणी केली नसती.

आमचं गाव खिंडीतच आहे. दोन्ही बाजूंना पिवळ्या मातीच्या उभ्या दरडी, मधून एका गाडीपुरता रस्ता, पूर्वेला एक वेस आणि पश्चिमेला एक. याच रस्त्यानं म्हातारबाबा काळ्या बैलावर बसून गेले, ही गोष्ट आमच्याकडे पोराला दुधाआधी पाजतात. राजाच्या दरबारातला तो म्हातारा कारभाराला विटला, बैलावर बसला आणि पश्चिमेला निघाला. त्या दिवशी पहाटे पूर्वेचं आभाळ जांभळं झालं होतं. वेशीच्या रखवालदारानं ओळखलं, कुणीतरी थोर येतंय. त्यानं रस्ता झाडून घेतला आणि बाबा आले तेव्हा त्यांना अडवून म्हणाला, तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहून द्या, मगच वेस उघडेन. बाबांनी लिहिलं, बैलावर बसले, गेले. पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांच्या शिकवणीला लोक ताओ म्हणतात, म्हणजे वाट. पाण्यासारखं खालच्या अंगानं जावं, ओढाताण करू नये, पुढे पुढे करू नये, आपोआप होतंय त्याच्या आड येऊ नये, एवढं आमच्या शेंबड्या पोरांनाही पाठ असतं. वागायची वेळ आली की मात्र घरोघरी मातीच्या चुली.

सासूबाईंचा या गोष्टीवर भारी जीव. त्यांच्या आजेसासूनं म्हणे बाबांच्या बैलाला पाणी पाजलं होतं. प्रत्येक घराचं असं काहीतरी आहेच. कुणी बाबांना मुळा वाढला, कुणी त्यांची फाटकी बाही शिवली, कुणाच्या ओट्यावर ते घोरले. सगळ्यांचं खरं धरलं तर बाबा आमच्या गावात निम्मा जन्म राहिले असले पाहिजेत. तर थोरल्या दिरांसाठी मुलगी बघायची वेळ आली तेव्हा एका मीठवाल्यानं सांगितलं की फार लांब पूर्वेला, दलदलीच्या मुलखात, बाबांचं म्हणतात त्या गावाच्या शेजारी, लग्नाची मुलगी आहे. सासूबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. मुलीला डोळे किती तेही विचारलं नाही. बाबांच्या मुलखातली सून! आता शहाणपण आपल्या पायांनी घरात चालत येणार.

ती आली त्याच संध्याकाळी अख्खी आळी अंगणात जमली. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुमच्याकडचं काहीतरी सांग. वाटेविषयी."

महिनाभर गाडीत हादरे खाऊन आलेली पोरगी ती. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "वाट फार खराब आहे," ती म्हणाली. "पाणी कुठे ठेवलंय?"

मग कोपऱ्यातला एक म्हातारा मान डोलावत म्हणाला, "खोल आहे हो पोरगी."

तेव्हापासून ती खोलच ठरली. भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्यात काहीतरी अर्थ असणार, असं लोक म्हणायचे. मी तिच्यामागून काही वर्षांनी त्या घरात आले, तोवर तिला या प्रकाराचा पुरता कंटाळा आला होता. सासूबाई एकदा रंगात येऊन सांगत होत्या, बाबा आईच्या पोटात ऐंशी वर्षं राहिले आणि पांढरे केस घेऊनच आलुबुखाराच्या झाडाखाली जन्मले. जाऊबाई राळे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"ऐंशी वर्षं? आणि ती आई?"

"आईचं काय?"

"अहो, ऐंशी वर्षं पोट घेऊन हिंडली ती बाई. तिला कुणी बस तरी म्हणालं का?"

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला मात्र त्या दिवशी जाऊबाई आवडली, ती आजतागायत.

थोरले दीर राजाच्या लढाईत गेले आणि परत आले नाहीत. मूलबाळ नव्हतं. जाऊबाईनं रडून घेतलं, डोक्याला फडकं बांधलं आणि पूर्वेच्या वेशीजवळच्या विहिरीपाशी चूल मांडली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना गरम राळ्याची पेज आणि खारवलेला मुळा. हळूहळू रस्त्याचा कारभारही तिच्याच हाती आला, कुणी दिला नव्हता तरी. त्याचं असं झालं. आमच्या खिंडीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावंच लागतं, आणि बैलगाडी मागे सरकवणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. रोज भांडणं. आई-बाप काढायचे, चाबूक चालायचे, एकदा एकाचा दात पडला. गावप्रमुख पंगकाका मधे उभे राहून पाण्यासारखं वागा, नमतं घ्या, असं शिकवायचे आणि दोघांच्या शिव्या खाऊन घरी जायचे. जाऊबाईनं एक दिवस जाहीर करून टाकलं, "जो मागे सरेल त्याला पहिली वाटी. पुढे घुसणाऱ्यानं थांबायचं. उरली तर खरवड मिळेल." बस्स. महिन्याभरात गाडीवाले वेगळंच भांडायला लागले. "मी मागे सरतो!" "तू का? मी आधी म्हटलं!" पंगकाका म्हणाले, हीच बाबांची शिकवण. जाऊबाई म्हणाली, ही भुकेची शिकवण.

तिचं एक दुखणं होतं आणि ते मला ठाऊक होतं, कारण आम्ही एकाच भिंतीला पाठ लावून झोपायचो. तिला पाठवताना तिचा बाप म्हणाला होता, "सुगी झाली की तुला बघायला येतो." त्या सुगीला आला नाही. पुढच्या सुगीला तिकडे लढाई पेटली. मग रस्ते बंद, मग पूर. आमच्यात मुलगी बोलावल्याशिवाय माहेरी जात नाही. बाप किंवा भाऊ दाराशी आला, तरच निघायचं, नाहीतर लोक म्हणतात हिला नांदवेना. म्हणून ती वाट बघत राहिली. चूल मांडायला गावात विहिरी पुष्कळ होत्या. तिनं पूर्वेच्या वेशीची निवडली, ती काही पाणी गोड म्हणून नव्हे. केस पिकायला लागले तरी सुगी संपली की तिचं पेज ढवळणं मंदावायचं आणि पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येक तोंडाकडे ती बघायची. आणि गंमत बघा, बाबांच्या मुलखातली म्हणून अख्ख्या गावानं तिला हजार गोष्टी विचारल्या, पण तिकडे तुझं कोण आहे, हे कुणी विचारलं नाही.

आता ज्या प्रकारासाठी हे सगळं सांगतेय, तो सांगते.

बाबा गेल्यापासून आमच्या गावात एक रीत आहे. पूर्वेचं आभाळ जांभळं झालं की वेशीवर नगारा वाजतो, पंगांच्या घरची माणसं रस्ता झाडून सडा घालतात, आणि त्या दिवशी पूर्वेकडून जो पहिला म्हातारा येईल त्याला अडवून चटईवर बसवतात. त्यानं काहीतरी सांगितलं, लेखनिक यान यांनी ते बांबूच्या पट्टीवर उतरवून घेतलं, की मग पश्चिमेची वेस उघडते. इकडच्या मातीची धूळ अशी की हिवाळ्याच्या तोंडाला आभाळ दर आठ दिवसांनी जांभळं होतं. त्यामुळे आम्ही ज्यांना अडवलं त्यात बहुतेक मीठवाले आणि कातडीवाले. त्यांनाही रीत ठाऊक झालेली. ते चटईवर टेकतात, "ओली पायताणं घालू नका" किंवा "मेहुण्यावर विश्वास ठेवू नका" असं काहीतरी फेकतात आणि पेज पिऊन जातात. यान गंभीर चेहऱ्यानं उतरवून घेतात. पट्ट्या मग उंदीर खातात. कुणाचं काही बिघडत नाही.

त्या वर्षी सुगी आटोपली होती, बोरं वाळत पडली होती. आभाळ जांभळं झालं, नगारा वाजला आणि पूर्वेच्या वेशीतून एक म्हातारा आत आला. पांढऱ्या भुवया डोळ्यांवर आलेल्या. कान लांब, खांद्याला लागतील असे. आणि बसला होता काळ्या बैलावर.

पंगकाकांच्या हातातला झाडू गळून पडला. त्यांनी रस्त्यातच लोटांगण घातलं. त्यांच्यामागे यान, त्यांच्यामागे अर्धं गाव. म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं, आपल्यामागून कुणी राजा येतोय की काय ते बघायला.

"बाबा," पंगकाका रडत म्हणाले, "तुम्ही परत आलात."

"परत?" म्हातारा म्हणाला. "मी इकडे कधी आलोच नव्हतो."

"ऐकलंत?" पंगकाका लोकांकडे वळले. "आले आणि आलेच नव्हते! यान, लिही!"

म्हाताऱ्याला उचलून चटईवर बसवलं. समोर पट्ट्यांची चळत, कुंचला, काजळी. बैलाच्या गळ्यात वाळल्या बोरांची माळ पडली, ती त्यानं खाऊन टाकली. म्हाताऱ्यानं कुंचल्याकडे पाहिलं. "मी चटया विणतो," तो म्हणाला. "मला लिहिता येत नाही." पंगकाका म्हणाले, ज्याला खरं ठाऊक असतं तो असंच म्हणतो. पण नेहमीसारखी एक पट्टी घेऊन या माणसाला सोडायचं नाही, असं त्यांनी त्याच जागी ठरवलं. पहिल्यांदा बाबांनी भलं मोठं लिहून दिलं होतं, आताही तेवढंच हवं. तोवर म्हाताऱ्यासाठी पश्चिमेची वेस बंद. वेशीच्या शिपायाला त्यांनी स्वतः बजावलं.

जाऊबाई पेज घेऊन गेली तेव्हा मी मुळ्याची वाटी धरून तिच्यामागे होते. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी वाटी धरली आणि एका दमात संपवली. जाऊबाईनं पुन्हा भरली आणि त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"आजोबा, कुणाकडे निघालात?"

त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला म्हणून सांगू! सकाळपासून पहिल्यांदा त्याला कळेल असं काहीतरी कुणी विचारलं होतं.

"मुलीकडे," तो म्हणाला. "तान तिचं नाव. पश्चिमेला डोंगरापलीकडे दिलीय. दिली तेव्हा म्हटलं होतं, येऊन जाईन. मग हे झालं, ते झालं. आता उन्हाळ्यात तिची आई गेली. जाताना म्हणाली, तानला कुणीतरी बघून या रे, ती जेवते की नाही ते. शेजाऱ्याचा बैल मागून घेतला." थोडं थांबून त्यानं विचारलं, "पोरी, डोंगरात बर्फ कधी पडतो इकडे?"

जाऊबाईनं माझ्या हातातली मुळ्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली. बर्फ आठवड्यावर आला होता, हे खिंडीतल्या कावळ्यालाही ठाऊक होतं. एकदा पडला की पुढचा घाट वसंतापर्यंत बंद. आणि त्या माणसाचा खोकला ऐकला तर त्याला वसंत दिसेल असं वाटत नव्हतं. त्याचं नाव कुआंग, हेही तिनंच विचारून घेतलं.

ती तशीच उठली आणि पंगकाकांकडे गेली. मीही गेले, कारण तिच्या कपाळाची शीर फुगली होती आणि पंगकाका कितीही झालं तरी गावप्रमुख.

"काका, त्यांना जाऊ द्या. मुलीकडे चाललेत ते. आजच निघाले तर घाट पार होईल."

"मुलीकडे?" पंगकाकांचे डोळे चमकले. "मुलगी म्हणजे मुलगी नव्हे, सूनबाई. ज्यातून सगळं जन्मतं ते. यान, हेही घे!"

"मुलगी म्हणजे मुलगी, काका! तिचं नाव तान आहे!"

"नाव काय, ठेवावं तसं पडतं. तुला नाही कळायचं. म्हणजे, तुला कळायला हवं खरं तर, तू त्यांच्याच मुलखातली."

"कळलंय मला. म्हणूनच ओरडतेय."

पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढचे काही दिवस गावात जत्रा होती. म्हातारा खोकला की लोक एकमेकांकडे बघून माना हलवायचे. तो म्हणाला, "थंडी वाजते," यान यांनी लिहिलं. तो म्हणाला, "मला सोडा," ते तर यान यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. एकदा तो बैलावर चढून सरळ पश्चिमेच्या वेशीकडे गेला. शिपायानं हात जोडून त्याला परत आणला. सगळे फार आदरानं वागत होते. पांघरुणं काय, कोंबडीचा रस्सा काय. आदरानं माणसाला कसं कोंडतात ते मी तेव्हा पाहिलं, आणि माझं डोकं अजून तापतं. ज्या म्हातारबाबांनी सांगितलं की ओढाताण करू नका, त्यांनाच पहिल्यांदा ओढून चटईवर बसवलं होतं, आणि त्याचा आमच्या गावाला अभिमान!

मी जाऊबाईला म्हटलं, "आपण शिपायाला खाऊपिऊ घालू आणि गुपचूप काढू त्यांना."

"गुपचूप का?" ती म्हणाली. "ते चोर आहेत का? बाप आहेत. दिवसाउजेडी जातील."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ उतरलं, वाऱ्याला बर्फाचा वास यायला लागला. जाऊबाईनं चूल विझवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहिली वाटीच नाही म्हटल्यावर कुणी मागे सरेना, गाड्या खिंडीत अडकल्या, गाडीवाले पेज मागायला लागले आणि पेज नाही म्हटल्यावर बोंबा मारत पश्चिमेच्या वेशीकडे आले. गावही आलं. ती वेशीच्या पायरीवर उभी राहिली. म्हातारा चटईवर पांघरुणात गुरफटून बसला होता.

"पंगकाका," ती म्हणाली, "एक विचारू? बाबांची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"विचार ना." काकांना बरं वाटलं. चारचौघांत ती आपल्याला मान देतेय, असं त्यांना वाटलं.

"बाबा कसल्या बैलावर होते?"

"काळ्या!" पोरांनीच उत्तर दिलं.

"काय खाल्लं त्यांनी इथे?"

"मुळा!" "पेज!" "आमच्याकडे बोरं!" सगळीकडून आवाज.

"आभाळ कसं होतं?"

"जांभळं!"

"बरं. आणि कुणाकडे चालले होते?"

पोरं मोठ्यांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"पश्चिमेला," पंगकाका म्हणाले.

"पश्चिमेला सूर्यही जातो, काका. मी विचारतेय, कुणाकडे? एवढा म्हातारा माणूस, हाडं खिळखिळी झालेली, हिवाळ्याच्या तोंडाला घर सोडून निघतो. कुणीतरी असेल ना तिकडे? मुलगी असेल, भाऊ असेल, एखादा जुना दोस्त आजारी असेल. तुमच्या आज्या-पणज्यांनी त्याला पाणी पाजलं, मुळा वाढला, बाही शिवली, लिहून घेतलं. बाबा, कुणाकडे निघालात, असं एकानंही विचारलं नाही? त्याच्यासाठी तिकडे कुणी दारात उभं असेल, असं कुणाच्या मनात नाही आलं? तो पोचला की नाही, हे तरी ठाऊक आहे का आपल्याला?"

मी पंगकाकांकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. आमच्या अख्ख्या गोष्टीत ती जागा रिकामीच होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरून आम्ही निवांत चालत आलो होतो.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "रीत आहे ही. रीत मोडली तर—"

"आपली निंग," मागून आवाज आला.

तो पंगकाकूंचा होता. काकू म्हणजे कधी चारचौघांत न बोलणारी बाई. त्यांचा आवाज गावातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असेल.

"निंगला नदीपलीकडे दिली," काकू म्हणाल्या. "मिठाच्या तळ्यावर. चांगल्या दिवसात पलीकडचा धूर दिसतो इथून. किती सुग्या झाल्या हो? दर वेळी म्हणता, गावप्रमुखानं वेस सोडून कसं जायचं. ती तिथे नावेकडे बघत बसत असेल. आणि हे आजोबा उसन्या बैलावर डोंगर चढायला निघालेत, त्यांना तुम्ही बसवून ठेवलंय." मग त्या एकदम संतापल्या. "स्वतः जात नाही तो नाही, दुसऱ्याच्याही बापाला जाऊ देत नाही! काय माणूस आहे!"

कुणी हसलं नाही. पंगकाका म्हाताऱ्यापाशी गेले, खाली बसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आजोबा, कुणाकडे जायचंय तुम्हाला?"

"सांगितलं ना," कुआंग आजोबा वैतागून म्हणाले. "मुलीकडे."

यान यांनी कुंचला उचलला होता. पंगकाकांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

पुढे जे झालं त्याला धांदल म्हणतात. वेस उघडली. कुणी बैलाला झूल आणली, कुणी म्हाताऱ्याला मेंढीच्या कातड्याचा अंगरखा चढवला. घाट माहीत असलेले दोन गाडीवाले स्वतःहून पुढे झाले. तेच मघा पेजेसाठी ओरडत होते. मी भाजलेल्या राळ्याची पिशवी बैलाच्या पाठीला बांधली. जाऊबाई लगाम धरून वेशीबाहेर चार पावलं गेली.

आजोबा बैलावरून वाकले. "तुझं माहेर कुठलं, पोरी? तुझं बोलणं इकडचं नाही."

मी तिची पाठ बघत होते. ती एकदम ताठ झाली. मग तिनं गावाचं नाव सांगितलं, इतक्या हळू, की मलाच ऐकू येईना. आयुष्यभर खिंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाणारा तो आवाज.

"तळ्याकाठी तुतीची झाडं आहेत, तेच ना?" आजोबा म्हणाले. "येताना तिथे मुक्काम केला मी. लढाईत जळालं होतं थोडं, पण पुन्हा उभं केलंय. कमळाची देठं फार छान शिजवतात तुमच्याकडे. गाव आहे, पोरी. जागेवर आहे."

तिनं लगाम सोडला. बैल आपणहून चालायला लागला.

त्यानंतर चार दिवसांनी बर्फ पडला आणि घाट बंद झाला. अख्खा हिवाळा गावात एकच विषय. पोचले असतील का? गाडीवालेही तिकडेच अडकलेले. वेशीवरच्या शिपायानं तर जेवण सोडायचंच बाकी ठेवलं होतं. पंगकाका मात्र नदी गोठल्यावर काकूंचा हात धरून पलीकडे जाऊन आले. जावयानं मिठाची अख्खी ढेप दिली, ती त्यांनी घरोघर वाटली आणि प्रत्येक घरी निंगच्या पोरांची नावं सांगितली. जाऊबाई पेज ढवळत राहिली. बोलत कमी होती. मीही तिला डिवचलं नाही, आणि हे माझ्याबाबतीत सोपं नसतं.

वसंतात घाट मोकळा झाला आणि ते दोन गाडीवाले आले. खिंडीच्या तोंडापासूनच त्यांनी आरोळी ठोकली. "पोचवलं! पोचवलं!" मागे गाड्या तुंबल्या, पण कुणी शिवी दिली नाही. सगळे विहिरीपाशी जमले.

मोठा गाडीवाला सांगायला लागला. बर्फ अंगावरच होता. शेवटचा टप्पा त्यांनी आजोबांना पाठीवरून नेलं. घर सापडलं. दारात एक बाई उभी होती, केस पिकलेली. तिनं ओळखलंच नाही. आजोबा म्हणाले, "तान, जेवलीस का?" तेव्हा ती बाई धावत आली आणि बापाच्या छातीवर दोन्ही मुठी मारायला लागली. "इतका उशीर? इतका उशीर कुणी करतं?" मग आई कुठे म्हणून विचारलं, आणि मग सगळं घर रडलं.

"आजोबा आहेत?" पंगकाकांनी विचारलं.

"आहेत की. खोकला आहे, पण चटया विणतात. बैलही आहे." गाडीवाल्यानं पेजेचा घोट घेतला. "एक गोष्ट तिची फार लागली मनाला. रडून झाल्यावर म्हणाली, बाबा, मला वाटलं तुम्ही विसरलात. मीच निघून आले असते हो, कितीदा गाठोडं बांधलं. पण कुणी बोलावल्याशिवाय लेकीनं कसं यायचं?"

जाऊबाईच्या हातातली पळी पेजेत बुडाली. ती तिथेच, रस्त्याच्या मधोमध, मातीत बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. तिचा तो आवाज परत आला होता. दोन्हीकडे गाड्या उभ्या, बैल थांबलेले, पण तिला बाजूला हो म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मी तिच्याशेजारी बसले. दुसरं काय करणार? मलाही रडू आवरेना.

जरा वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं. "धाकटे," ती म्हणाली, "मी घरी जाणार. कुणी बोलावलेलं नाही. तरी जाणार."

"कुणाकडे?" पंगकाकांनी विचारलं.

"बापाकडे. तो नसेल तर भावाकडे. तोही नसेल तर तुतीच्या झाडांकडे."

पंगकाका तडक घरी गेले आणि स्वतःची गाडी जुंपून पूर्वेच्या वेशीपाशी घेऊन आले. गवत अंथरलेलं होतं, वर काकूंची चांगली गोधडी. जाऊबाई चढली. मग मीही चढले, कारण ती एकटी गेली असती तर मी कुणाशी भांडले असते?

"अगं, पण पेज कोण करणार?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुम्हीच करा," मी म्हटलं आणि बैलांना हाकलं.